संडासातले बारा विनोद

६ जानेवारी

नवा साहेब आला. वय चौतीस. नाव योस्ट-विलेम – एकाच माणसाला दोन नावं, पगारही बहुधा दोघांचा. आधी दह्याच्या कंपनीत होता. आल्या आल्या म्हणाला, "आपण सगळे अरेतुरे करूया!" छापखान्यातला बेर्टुस साठीला टेकलाय. तो म्हणाला, "बरं. मग ऊठ, ती खुर्ची माझी आहे."

९ जानेवारी

पहिली बैठक. फळ्यावर मोठ्या अक्षरांत – 'ग्राहकाचा प्रवास'. मी म्हटलं, आपल्या ग्राहकाचा प्रवास छोटा आहे. सोफ्यापासून संडासापर्यंत.

"तेच तर!" तो म्हणाला. "माझ्या आजीकडेही, सगळ्या देशात असतं तसं, वाढदिवसांचं कॅलेंडर संडासातच आहे. पण का? आपल्या माणसांची नावं, इतकी प्रेमाची वस्तू – आणि तिथे?"

"आजीला विचार," बेर्टुस म्हणाला.

दुसरा प्रश्न फळ्यावर: 'ग्राहक परत का येत नाही?' आता काय सांगायचं? आम्ही छापतो त्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर साल नसतं, वार नसतात. नुसत्या तारखा आणि पुढे नाव लिहायला रेघ. एकदा टांगलं की वीस वर्षं बघायला नको. दही आठवड्यात आंबतं, त्यामुळे ह्याला अशा ग्राहकाची सवय नाही.

म्हातारे हार्मेलिंक असते तर त्यांनी फळाच पुसला असता. कंपनीचं नाव अजून 'हार्मेलिंक आणि मुलगा'च आहे. त्यातल्या 'आणि मुलगा'नं ती शरद ऋतूत विकली आणि तो स्पेनला जाऊन पोहत बसला.

१० जानेवारी

रात्री हिशोब नाही केला, पण विचार केला. प्रत्येक महिन्याच्या पानावर तळाशी चौकटीत माझा एक विनोद असतो. बारा महिने, बारा विनोद, दर वर्षी नवे. वर्तमानपत्रातलं सदर गेल्या वर्षी वर्तमानपत्रासकट बंद पडलं. तेव्हा आता पोटाला हेच. त्रेपन्नाव्या वर्षी माझं समग्र साहित्य देशभरातल्या संडासांत टांगलेलं आहे. हसा! पण माझा एकही वाचक मधेच उठून जात नाही. किती लेखकांना असं म्हणता येईल?

४ फेब्रुवारी

फर्मान निघालं – ग्राहकांच्या घरी जायचं, बघायचं, ऐकायचं, मधे बोलायचं नाही. मला बरोबर घेतलं, 'मजकूर विभाग' म्हणून. विभागात मी एकटीच.

पहिलं घर वान्सिंकबाईंचं. वय एक्याऐंशी, आयसेल नदीकाठचं टापटीप घर. कॉफी आली. बिस्किटांचा डबा आला, प्रत्येकाला एक, झाकण लागलं. योस्ट-विलेमनं झाकणाकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग टेप घेऊन संडासात गेला. बराच वेळ बाहेर येईना.

बाई माझ्याकडे वाकून कुजबुजल्या, "पोराची तब्येत बरी आहे ना?"

"अभ्यास करतोय."

"तिथे?"

आम्हीही जाऊन बघितलं. कॅलेंडर पार पिवळं पडलेलं. नवं का नाही घेत? बाई म्हणाल्या, "घेतलं होतं की! दोनदा. कपाटात आहे." मग १९ मार्चवर बोट ठेवलं. तिथे नवऱ्याचं नाव, त्याच्याच अक्षरात, पुढे पेननं काढलेला छोटासा क्रूस, माणूस गेल्याची खूण. "नव्यावर ह्यांना लिहू की नको, तेच ठरत नाही. लिहिलं तर वेड्यासारखं दिसतं. नाही लिहिलं तर... माणसाला घराबाहेर काढल्यासारखंच की हो."

योस्ट-विलेमनं लिहून घेतलं: 'जुन्या उत्पादनाशी भावनिक बांधिलकी.' दह्याच्या कंपनीत असता तर ह्यालाच 'वास आला' म्हणाला असता.

निघताना मी सहज विचारलं, "आणि खालचे विनोद?"

"छान असतात हो!"

"कुठला आवडतो?"

बाईंनी घाईघाईनं डबा पुन्हा उघडला. दुसरं बिस्किट दिलं! ह्या देशात दुसरं बिस्किट म्हणजे काय, ते मला माहीत आहे. कीव.

११ फेब्रुवारी

क्लावर आजोबा. ह्यांच्याकडे फेब्रुवारीतही जूनचं पान उघडं. कधीपासून? "नऊ वर्षं झाली. जूनमध्ये ओळखीचं कोणी जन्मलेलं नाही. बघितलं की बरं वाटतं. कोणाला काही द्यायला नको."

म्हणजे हा माणूस नऊ वर्षं रोज माझ्या जूनच्या विनोदासमोर बसतोय. 'उन्हाळा यंदा बुधवारी आहे. दुपारनंतर.' माझा सगळ्यात चांगला विनोद!

"खालचं वाचलंत का हो कधी?"

"का? खाली काय आहे?"

१ मार्च

बहिणीचा, लीडेवायचा वाढदिवस. खुर्च्या गोलात मांडलेल्या, चीजचे चौकोनी तुकडे, मोहरी. जो येईल तो रिवाजाप्रमाणे सगळ्यांशी हात मिळवत फिरतोय – बायकोबद्दल अभिनंदन, आईबद्दल अभिनंदन, शेजारणीबद्दल अभिनंदन. मला बहिणीबद्दल अभिनंदन मिळालं, निदान सहा वेळा. मी काय केलं होतं, देव जाणे.

संडासात गेले. माझं कॅलेंडर. माझ्या सख्ख्या बहिणीकडे. माझ्या विनोदावर प्लंबरचं स्टिकर!

बाहेर येऊन काही बोलणार नव्हते. बोललेच.

"अगं, प्लंबर चांगला आहे," लीडेवाय म्हणाली. "लगेच येतो."

"आणि मी?"

"तूही येतेस. पण तुला नळ दुरुस्त करता येतो का?"

सगळा गोल हसला. माझ्या कुठल्याही विनोदाला एवढं कोणी हसलेलं नाही.

८ मार्च

भेटींचा अहवाल लिहून दिला. सगळं लिहिलं. बिस्किटं, क्रूस, जून. विनोद कोणी वाचत नाही, एवढं मात्र नाही लिहिलं. जागा पुरली नाही म्हणू.

२ एप्रिल

योस्ट-विलेमचा शोध: ग्राहकाला कॅलेंडर दिवाणखान्यात हवंय, पण त्याला ते स्वतःला माहीत नाही. म्हणून सोनेरी चौकटीतलं जाड कागदाचं कॅलेंडर काढलं – 'प्रेमाची भिंत'! वीस घरांत फुकट वाटलं.

बेर्टुस छापता छापता म्हणाला, "काल एक एप्रिल होती. एक दिवस उशीर झाला."

२३ एप्रिल

वीस घरांचे फोटो आले. वीसही चौकटी संडासात. वान्सिंकबाईंनी तर जुन्याच्या शेजारी, नावं न लिहिताच टांगून खाली छोटा दिवाही लावलाय. रात्री उजेड असलेला बरा, असं त्यांनी कळवलंय.

१२ मे

आता ॲप. मोबाईलमध्ये नावं भरायची, वाढदिवसाला मोबाईल वाजणार, फुगे उडणार, खाली फोन लावायचं बटण. "हे दर महिन्याला पैसे देईल," योस्ट-विलेम म्हणाला. ग्राहकाला तो हल्ली 'हे' म्हणतो. आधी आम्ही कर्मचाऱ्यांनी आणि घरच्यांनी वापरून बघायचं. मी आणि लीडेवाय बसलो आणि जुन्या कॅलेंडरवरून नावं उतरवून काढली. सगळी. विचार न करता.

१७ जून

सकाळी मोबाईल वाजला. फुगे. 'आज आईचा वाढदिवस! ८८ वर्षं! आत्ताच फोन करून अभिनंदन करा!'

आईला जाऊन तीन वर्षं झाली.

लीडेवायला फोन लावला, तर तिचा व्यस्त. परत लावला, व्यस्त. शेवटी तिचाच आला. नाक ओढत होती.

"मी बटण दाबलं," म्हणाली.

"काय?"

"हात आपोआप गेला गं! तिचाच जुना नंबर. आणि उचलला ना कोणीतरी! झुटफेनचा कोणी गवंडी आहे."

"मग तू काय केलंस?"

"अभिनंदन म्हटलं. तोंडात तेच होतं. तो म्हणाला, आभारी आहे, माझा ऑक्टोबरमध्ये असतो, पण चालेल. मग मी रडायला लागले. तर तो म्हणाला, थांबा बाई, मी शिडीवरून उतरतो."

बराच वेळ बोलले म्हणे दोघं. आधी आम्ही दोघी रडलो, मग हसलो, मग पुन्हा पहिलं.

दुपारी योस्ट-विलेमला सांगितलं. पोरगं पांढरंफटक पडलं. "सॉरी, हेडविग. खरंच सॉरी." मग जरा वेळानं – "मृत व्यक्तींसाठी वेगळं बटण देता येईल."

मी त्याला कॉफी दिली. बिस्किट एकही नाही.

३ जुलै

ॲप बंद. ते तर बंद व्हायलाच हवं होतं. पण वरच्या मालकांनी कळवलंय – कागदी कॅलेंडरचं हे शेवटचं वर्ष! विकत घेणारी माणसं कमी, पुन्हा घेणारी त्याहून कमी. डिसेंबरपासून छापखान्याची जागा भाड्यानं देणार. म्हणजे कामावरून बेर्टुस गेला. बांधणीतल्या चौघी गेल्या. मी गेले.

बेर्टुस मशीन पुसत होता. त्याच्याकडून टोमणा आला नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

४ जुलै

दिवसभर तेच डोक्यात. मालकांना वाटतं, लोकांना नवं कॅलेंडर नको. नको कसं? वान्सिंकबाईंच्या कपाटात दोन पडलीत! लोक विकत घेतात आणि लावत नाहीत, कारण नव्यावर गेलेल्यांना ठेवायला जागा नाही. जागा करायची तर कुठे? पानावर रेघा, वर चित्र, आणि तळाशी एक चौकट. चांगली ऐसपैस चौकट.

तिच्यात मी राहते.

५ जुलै

लिहायला बसले. ऑगस्टसाठी विनोद सुचला: 'सुट्टीवर जाताना शेजाऱ्याला किल्ली द्या. परत आल्यावर काय काय सापडलं ते विचारा.' चांगला आहे. प्लंबरच्या स्टिकरखाली शोभून दिसेल.

८ जुलै

सांगितलं. योस्ट-विलेमच्या खोलीत जाऊन, उभ्यानंच. अहवालात एक गोष्ट लिहिलेली नाही. विनोद कोणी वाचत नाही. एकानंही नाही. ते काढ. त्या जागी चार रेघा दे आणि वर लिही – 'आठवणीत'.

त्यानं वहीही उघडली नाही.

"आणि तू?"

"मी चौकटीबाहेर."

"हेडविग, मी दुसरं काहीतरी शोधतो तुझ्यासाठी –"

"दही सोडून," मी म्हटलं.

वाईट नाही पोरगं. इतके दिवस वाईट आहे असं धरून चालणं सोयीचं होतं.

२० ऑगस्ट

मालकांनी एक संधी दिली. ऑक्टोबरमध्ये विकलं गेलं तर छापखाना राहील. बेर्टुस तळाच्या रेघा छापतोय. म्हणाला, "तुझ्यापेक्षा ह्यांना शाई कमी लागते." टोमणे परत आले. मला एवढं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

३० सप्टेंबर

कामावरचा माझा शेवटचा दिवस. केक कापला, छोटा. माझ्या विनोदांची जागा मेलेल्यांनी घेतली, असं मी भाषणात म्हटलं. स्पर्धा अटीतटीची होती, पण त्यांच्या बाजूला अनुभव जास्त. बांधणीतल्या चौघी हसल्या. चौघींचीही नोकरी राहू दे म्हणजे झालं.

२६ ऑक्टोबर

खपली! सगळी खपली! बेर्टुसचा फोन – दुसऱ्यांदा छापतायत, छापखाना राहतोय. लोक दोन-दोन घेतायत. योस्ट-विलेम मालकांकडे गेलाय, ग्राहक कसा ओळखावा ह्यावर भाषण द्यायला. जाऊ दे. मी मात्र नोकरी देणाऱ्या कार्यालयात बसून आले. समोरच्या मुलीनं विचारलं, काय काम करत होता? म्हटलं, विनोद. ती म्हणाली, "अशा नोंदीसाठी रकाना नाही."

९ नोव्हेंबर

घरात आहे. पाऊस. कोणाचा फोन नाही.

२१ नोव्हेंबर

वान्सिंकबाईंचा फोन! नंबर बेर्टुसनं दिला.

"हेडविगबाई, विनोद कुठे गेले?"

"तुम्ही वाचत नव्हता ना!"

"वाचत नव्हते. पण समोर असायचे की हो! आता बसलं की समोर नुसते हे. शांतपणे बघत असतात. पंधरा दिवस झाले, पोट साफ होत नाहीये. आमच्या पत्त्यांच्या मंडळात सगळ्यांचं तेच. त्यातले क्लावर तर आता घरच्या संडासातच जात नाहीत म्हणे, लेकीकडे जातात."

उद्या योस्ट-विलेमला भेटते. विनोद परत देईन. दर मात्र औषधाचा लावणार.