खंडेनवमीचा पाना

आश्विन शुद्ध १, शके १८५९

घट बसले. आणि अंगणात गाडीही बसली — चाकं काढून चार ओंडक्यांवर! सासूबाई देवघरात घटाची माती चाळत होत्या आणि हे बाहेर गाडीखाली उताणे. दोघांचंही सोवळं कडक. एकीला शिवायचं नाही, दुसऱ्याला हाक मारायची नाही.

म्हणे गाडी बुटकी करायची. "आहे ती काय वाईट आहे?" म्हटलं, तर गाडीखालून उत्तर आलं, "तुला नाही कळायचं."

न कळायला काय झालंय! श्रावणात त्या चन्नवीरशी अक्कलकोटपर्यंत शर्यत लावली. वळसंगच्या पुढच्या वळणावर गाडी दोन चाकांवर गेली आणि हे बांधावर फेकले गेले. खांद्याचं हाड मोडलं. अजून डावा हात वर जात नाही, सदऱ्याची गुंडी मी लावते. चन्नवीर बघायला आला. कापूसवाल्यांचा लाडका लेक, त्याला काय. उशाशी बसून, माझ्या हातचा चहा पीत म्हणतो, "वकीलसाहेब, उंच गाडीला वळण झेपत नाही. खाली घ्या, नाहीतर टांगा घ्या."

बस्स. तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात दुसरं काही नाही. दसऱ्याला सकाळी पुन्हा तोच रस्ता, तेच दोघे. हरेल त्यानं मिशी उतरवायची. मिशीसाठी जीव द्यायला निघालेला नवरा माझ्याच नशिबी यायचा होता.

शुद्ध ३

गिरणीतला फिटर मायाप्पा सुटी झाली की येतो. त्यानं मला समजावलं. चाकामागं पोलादी पट्ट्यांची कमान असते, एकावर एक रचलेली, नटांनी आसाला आवळलेली. त्यातल्या दोन-दोन पट्ट्या काढल्या की गाडी खाली येते. "खाली आली की वळनाला चिकटून जातीया, वैनी. भ्याचं न्हाय."

मला भ्यायचं नाही म्हणे. काढलेल्या पट्ट्या ह्यांनी घासलेटात धुऊन न्हाणीघराबाहेर वाळत घातल्या. घरभर घासलेटाचा वास. सासूबाई म्हणाल्या, "नवरात्रात देवीला धुपाऐवजी हे?" हे हसले. मला हसू आलं नाही.

शुद्ध ५

रडले. पदर तोंडात धरून, न्हाणीत. हे पडले तेव्हा ह्यांना खाटेवर घालून आणलं होतं, ते पायच डोळ्यांपुढं येतात. एका पायात वहाण नव्हती.

शुद्ध ६

आज ह्यांच्या पाया पडले. खरंच. "नका जाऊ," म्हटलं. तर मला उठवून म्हणाले, "अगं, म्हणून तर खाली घेतोय. तुझ्यासाठीच घेतोय असं समज."

माझ्यासाठी! माझ्यासाठी काही करायचंच असेल तर ती गाडी विका. पण हे मी बोलले नाही. ह्यांचा चेहरा इतका उजळला होता की शब्द आतच राहिले. माझंच चुकतं. जिथं बोलायचं तिथं मी गप्प बसते आणि मग इथं वहीशी भांडते.

शुद्ध ८

गाडी ओंडक्यांवरून उतरली. आमची मांजर खालून शेपटी ताठ करून जायची, ती आज पोट घासत गेली. हे टाळ्या वाजवत होते, लहान पोरासारखे.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडीची अलीकडची बाजू दिसते. मायाप्पा तिथं उताणा पडून कमानीचे नट आवळत होता. पान्याचा दांडा बाहेर काढायचा आणि गाडीच्या मागं, तुळशीकडे ओढायचा. प्रत्येक ओढीला हुं करायचा. जाताना ह्यांना म्हणाला, "रातभर गाडी सोताच्या वज्यावर बसू द्या. सकाळी येऊन मी परत आवळतो. त्याबिगर गाडी हलवायची न्हाय."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. उद्या खंडेनवमी!

शुद्ध ९, सकाळी

केलं. हे उठायच्या आत सगळे पाने, हातोडी, जॅक गोळा करून देवघरात नेलं. सासूबाईंना म्हटलं, "हीपण हत्यारंच की." त्यांना कोण आनंद! घासून-पुसून पाटावर मांडली, कुंकू लावलं, वर झेंडूची फुलं. आता उद्या दुपारी उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. शर्यत सकाळी. पाना नाही तर आवळणं नाही, आवळणं नाही तर गाडी हलणार नाही.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा चहा गोड लागला.

शुद्ध ९, दुपारी

देवा, मी काय करून बसले!

मायाप्पा आला, देवघराच्या दारातून पाने बघितले आणि लांबूनच हात जोडले. त्याची स्वतःची हत्यारं पूजेत, गिरणीतली पूजेत. आज अख्ख्या सोलापुरात पाना मागायची सोय नाही. "आता उद्या दुपारीच," म्हणाला. मी आत हसले. आणि हे काय म्हणाले? "बसू देत पूजेला. काल आवळलेत तेवढे पुरेत. आईचं मन नाही मोडायचं." आणि गाडीला हार करायला सांगितला!

म्हणजे जाणारच. आणि ढिल्या नटांवर जाणार, माझ्यामुळं. मी सांगून बघितलं, मायाप्पानं सांगून बघितलं. "तुम्ही दोघं भित्रे," म्हणे. सासूबाईंना म्हटलं, एकच पाना द्या, घटकाभर. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवीच मागितली.

अक्षर बघ कसं येतंय.

शुद्ध ९, दिवेलागणीआधी

सासूबाई रूपाभवानीच्या देवळात गेल्या, हे हारासाठी बाजारात. मी पूजेतला मोठा पाना उचलला. आधी देवीला नाक घासून सांगितलं, पाप लागायचं ते मला लाव.

पदर खोचला आणि गेले गाडीखाली. आता तिथं जागा कुठली! छाती दाबली जात होती. मायाप्पासारखा दांडा बाहेर काढला आणि तुळशीकडे ओढला. अलीकडचे नट दगडासारखे. सगळा जीव लावला तेव्हा जेमतेम हलले. मग पलीकडे सरकले, तिथंही दांडा बाहेर आणि ओढ तुळशीकडे. पलीकडचे मात्र एका झटक्याला ऐकले, मग हलके-हलके फिरत राहिले. किती ढिले राहिले असते! बरं झालं मी गेले. हात दुखेपर्यंत फिरवले.

पान्याचं कुंकू ओलं होतं. नट लाल, तळवे लाल. तळवे घासून धुतले. पाना होता तसा पाटावर ठेवला, वर फूल ठेवलं. कुणाला कळलं नाही. ह्यांनाही सांगायचं नाही.

शुद्ध १०, दसरा

हे गेले. मी ओवाळलं. "आज रडली नाहीस?" म्हणाले. म्हटलं, "जिंकून या. चन्नवीरची मिशी आणा."

शुद्ध १०, संध्याकाळी

खाटेवर आणलं. वळणापर्यंत पोचलेच नाहीत. सरळ रस्त्यावर उजवीकडचं, पलीकडच्या बाजूचं चाक आसासकट मागं गेलं आणि गाडी उलटली. श्वास आहे. डॉक्टर म्हणतात, आजची रात्र जाऊ दे. चन्नवीरनंच उचलून आणलं, त्याचा अंगरखा ह्यांच्या रक्तानं भरलाय. दारात उभा आहे.

मायाप्पानंच परवाचं काम नीट केलं नसणार. मी तर आवळले होते. मी आवळले होते!

शुद्ध ११

रात्र गेली. डोळे अजून उघडले नाहीत.

मायाप्पा आला. कुणी नाही बघून माझ्या हातात एक नट ठेवला. "रस्त्यात गावला, वैनी. ह्यो मी कुनाला दावला न्हाय." आणि गेला.

नटाला कुंकू होतं.

ह्यांच्या खाटेपाशी बसून हवेत दोन्ही हात फिरवून बघितले. अलीकडच्या बाजूला तुळशीकडे ओढलं की आवळतं. पलीकडच्या बाजूला तुळशीकडे ओढलं की सुटतं.