मंडईतलं मंत्रिमंडळ

आदरणीय भैयाजीभाऊ,

चांद्याच्या दिशेला तोंड करून हेमराजचा नमस्कार. तुमच्या गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे? धुळीनं खोकला धरला होता, तोही सुटला असेल. वहिनींना नमस्कार सांगा. इकडे धान कापून झालं, चुरणं बाकी आहे. माझी तब्येत उत्तम (भूक लागत नाही आणि झोप येत नाही, एवढं सोडलं तर). पत्राला विशेष कारण काही नाही.

यंदाच्या मंडईतल्या नाटकाची हकिकत तुमच्या कानावर आलीच असेल. ती दुसऱ्या कोणाच्या तोंडून आली असेल तर माझी जरा वेगळी आहे, म्हणून लिहितो. दरवर्षी दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की आम्ही वडशाहून नाटक कंपनीचं नाटक आणतो. यंदा मी भर सभेत उठलो आणि म्हणालो, तेच ते रडकं किती पाहायचं, या वर्षी गावच नाटक करील आणि ते मी लिहीन. (कोणी अडवलं नाही. आमच्या गावातली माणसं फार सोशिक.) विषय घेतला केंद्र सरकार. तुम्ही सारी नोकरी नागरिकशास्त्र शिकवण्यात घालवली. फोन केला की राज्यघटना घरबसल्या कळते, ही सोय दुसऱ्या कोणत्या नाटककाराला आहे? नाटकाचं नाव ठेवलं 'मले कोणतं खातं?' आणि पंतप्रधानाची भूमिका, दुसरा कोणी लायक न सापडल्यामुळे, मी घेतली. शोधलं कोणी नव्हतं, हा भाग निराळा.

मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या पंधरा टक्क्यांवर जाऊ नये, असं तुम्ही बजावलं होतं. हा नियम मी तालमीत पहिल्याच दिवशी सांगितला आणि पहिल्याच दिवशी मोडला. नुसतं खासदार होऊन बाकं बडवायला गावात एक माणूस तयार होईल तर शपथ. शेवटी जेवढे सदस्य तेवढे मंत्री केले आणि विरोधी पक्षाच्या जागी एक रिकामी खुर्ची ठेवली. कॅबिनेट मंत्री व्हायला सगळे तयार. राज्यमंत्री म्हटलं की माणूस रुसायचा. एक म्हणाला, 'मी देशाच्या नाटकात उभा हावो, मले राज्यात काऊन ढकलून राह्यले?' सायकल दुरुस्त करणाऱ्या मुखरूला रेल्वे पाहिजे होती, कारण शिटी वाजवायला मिळेल. त्याला आरोग्य दिलं. रोशन शिंपी तालमीला उशिरा आला तोवर खाती संपली होती, म्हणून त्याला बिनखात्याचा मंत्री केला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको सरिता तालमीत येऊन उभी. म्हणाली, 'माह्या नवरा बिनकामाचा हाये हे मले मालूम हाये जी. पण तुमी त्याले स्टेजवर चढवून गावाले काऊन सांगता?' तिला समजावता समजावता ती तालीम संपली.

अर्थमंत्री तुमची बहीण होती. बचत गटात बोलून बोलून चंदाची जीभ चांगली वळलेली आहे. अर्थसंकल्पाचं भाषण मी लिहिलेलं तिनं एकदा वाचलं, बाजूला ठेवलं आणि स्वतःचं केलं. ते फार बरं होतं (माझ्यापेक्षा बरं होतं असं मी तेव्हा म्हणालो नाही). पण मंडप आणि लाउडस्पीकर सोमाजीचे. त्याला अर्थखातंच पाहिजे, नाही तर मंडप नाही. आता पंतप्रधानानं काय करावं? मी घरी येऊन चंदाला म्हणालो, 'तुले बढती देतो. तू राष्ट्रपती. देशातलं सगळ्यात मोठं पद.'

ती भाकरी थापत होती. तिनं विचारलं, 'राष्ट्रपतीले वाक्यं किती?'

'शपथ देतानी एक, आन् अध्यादेशावर सही करतानी एक.'

'आन् सही नाई केली तं?'

भाऊ, मला ज्ञान दाखवायची खोड. मी पाट ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. सल्ला पटला नाही तर एकदा विचार करायला परत पाठवता येतो. मंत्रिमंडळानं पुन्हा तोच पाठवला की मात्र सही करावीच लागते. ती म्हणाली, 'एकदा तं पाठवता येते ना?' मी म्हणालो, 'हव, एकदा येते.' माझ्या हातानं मी माझ्याच नाटकाला पाचर मारून घेतली, हे तेव्हा मला कळलं नाही.

नाटकाला गर्दी फार. शेजारच्या गावांतूनही बाया आल्या होत्या. शपथविधीला राष्ट्रपतीनं फक्त 'मी' म्हणायचं आणि पुढचं पंतप्रधानानं उचलायचं. चंदा 'मी' म्हणाली. माझ्या डोक्यात काही उरलं नाही. ती पुन्हा 'मी' म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा मागून कोणी तरी ओरडलं, 'बाई, तुमीच घ्या शपथ!' तिनं हळूच माझं नाव मला सांगितलं, तेव्हा मी सुरू झालो.

खरा घोळ तिसऱ्या अंकात. माझ्या नाटकात सरकार अध्यादेश काढतं की गावोगावी दवाखाना होईल, राष्ट्रपती सही करतात, पंतप्रधानाचा जयजयकार होतो, पडदा. मी कागद पुढे केला. चंदानं तो शांतपणे वाचला (वाचायचं ठरलंच नव्हतं). मग म्हणाली, 'पंतप्रधानजी, दवाखाना देऊन राह्यले, बरं हाये. आमच्या गावात इमारत हाये. तिले कुलूप हाये. डॉक्टर कोण देणार, आरोग्यमंत्री का अर्थमंत्री, हे यात नाई. कुसुमबाईच्या सुनेले बाळंतपणात खाटेवर टाकून नदीपावतर नेलं, तवा बी इमारत होतीच. परत न्या. विचार करून आणा.'

बायांनी टाळ्या सुरू केल्या, त्या थांबेनात. कुसुमबाई पुढेच बसल्या होत्या, त्यांनी पदर डोळ्याला लावला. आणि मी? देशाचा पंतप्रधान कागद हातात धरून पंख्याकडे बघत उभा. पुढचं वाक्य मी लिहिलंच नव्हतं.

वाचवलं मंत्रिमंडळानं. सोमाजी मुखरूवर उखडला, 'तू मागितलाच नाई डॉक्टर, तं पैसा देऊ कोणाले?' मुखरू म्हणाला, 'अन् मागितला तवा तुमी फाइल दाबली!' ते मनापासून भांडू लागले. माझ्या नाटकात कोणी एवढं चांगलं बोललं नव्हतं. शेवटी रोशन पुढे आला. म्हणाला, 'माह्याजवळ खातं नाई, म्हणून मले वेळ हाये. डॉक्टर आणाचं काम माह्यावर टाका.' मंत्रिमंडळानं एकमतानं ते टाकलं, चंदानं सही केली, पडदा पडला. पुढच्याच सोमवारी आमच्या बाया तेच भाषण घेऊन तालुक्याला गेल्या. कुलूप निघालं आहे. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, पण येतो.

नाटक संपल्यावर माझा सत्कार झाला. शाल, नारळ. 'तिसरा अंक काय लिहिला हेमराजभाऊ!' असं जो तो म्हणाला. मी मान लववली. मग माइकवर आभार मानले: मंडपवाल्याचे, चहावाल्याचे, वीज गेली नाही म्हणून वायरमनचे, आणि रिकाम्या खुर्चीत येऊन झोपलेल्या कुत्र्याचेसुद्धा, लोक हसावेत म्हणून. लोक हसले. चंदा विंगेत उभी होती.

असो. बाकी सर्व क्षेम. पत्राचं उत्तर सवडीनं पाठवा.

आपला,
हेमराज

ता. क. १ : चंदा नाटकाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं वडशाहून तुमच्याकडे आली, ती डोळे तपासायला आली असं सांगत असेल. तिचे डोळे चांगले आहेत. तिला सगळं दिसतं. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन तीच उचलते आणि माझा आवाज आला की ठेवते.

ता. क. २ : चिमूरकडच्या एका मंडळाला हे नाटक पाहिजे आहे. लेखकाचं नाव विचारलं. मी माझं सांगितलं आणि थोडं थांबून तिसऱ्या अंकाला तिचं सांगितलं. पत्रिकेत दोन्ही छापणार आहेत. हे तिला सांगा. आता खरी अडचण अशी की तिसऱ्या अंकात ती नेमकं काय काय बोलली, ते मला अर्धंच आठवतं, आणि त्यांना ते लिहून पाहिजे. तेवढं तिच्याकडून उतरवून घ्या.

ता. क. ३ : पत्र नाटकासाठी लिहिलं की माझ्यासाठी, असं ती विचारील. तुम्ही म्हणा, तिच्यासाठी. हे मी सांगून ठेवलं होतं एवढं मात्र सांगू नका. आणि ती येते म्हणाली तर कोणत्या गाडीनं, ते कळवा. मी स्टेशनवर उभा राहतो.