नववी हिरवळ अजून आहे

तीर्थरूप मामांच्या चरणी,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (कागदावरचा समजावा, कारण प्रत्यक्षात मी एकदा खाली वाकलो की उठवायला दोन माणसं लागतात, आणि घरात आम्ही दोघंच). तुमचा खोकला कसा आहे? गुडघा कसा आहे? तुमची ताई फोनवर म्हणाली की गुडघा बरा आहे, पण मामा जिना उतरत नाहीत. खाली चला म्हटलं की, "खाली काय ठेवलंय?" असं विचारतात आणि खिडकीतच बसून राहतात. मामा, तुम्हाला उपदेश करण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो. इकडे मी ठीक. तुमची भाचेसून ठीकपेक्षा बरी. माझं वजन दोन किलोंनी उतरलं, ते का उतरलं हे सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं आहे.

आधी मुद्द्याची गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा नेहमीसारखा गावभर हिंडून मग घरी येतो. तुमच्या गोल्फच्या मैदानाची नववी हिरवळ, होलाभोवतीच्या ज्या बारीक गवताला तुम्ही बावीस वर्षं पोटच्या पोरासारखं जपलंत ती, अजून जागेवर आहे. मैदान विकलं गेलं त्याला सव्वीस वर्षं झाली, बाकीच्या आठ होलांवर घरं, दुकानं, काय काय उभं राहिलं, पण ही एक राहिली. आणि येत्या एक तारखेला तिच्यावर शाळेच्या नव्या वर्गांचा पाया खणायला सुरुवात होणार आहे. म्हणजे आपल्या हातात सतरा दिवस आहेत.

आता गावभर हिंडतो.

आमच्या मंडळीबद्दल मी मागच्या पत्रांत लिहिलं होतंच (एका कार्डाशिवाय त्यांना तुम्ही उत्तर दिलं नाहीत, पण ताई म्हणते की तुम्ही ती उशाखाली ठेवता). मंडळीत आम्ही तिघं. मी, निवृत्त पोस्टमास्तर आणि दातांचे डॉक्टर. खरा शौकीन डॉक्टर. जगात जी गोल्फची मैदानं आता उरलेली नाहीत त्यांची त्यानं वही केली आहे. एक धरणाच्या पाण्याखाली गेलं, एक समुद्रानं दर पावसाळ्यात थोडं थोडं करून खाल्लं, एकावर विमानं उतरतात. दुसरे लोक गेलेल्या नातेवाइकांच्या आठवणी काढतात तसा हा या मैदानांच्या काढतो, आणि प्रत्येकीच्या शेवटी एक सुस्कारा, "एकदा तरी खेळायला हवं होतं हो." पोस्टमास्तरांचं म्हणणं असं की, जिवंत मैदानांवर डॉक्टरचा चेंडू कधीही सरळ जात नाही, म्हणून त्याला मेलेली आवडतात, तिथे कोण बघायला येतंय. मी यात कसा पडलो ते तुम्हाला माहीतच आहे. मोजणी कचेरीत चौतीस वर्षं नकाशांच्या नकला काढल्या, त्यांत तुमच्या मैदानाची एक नक्कल मी माझ्यासाठी काढून ठेवली होती. ती डॉक्टरला दाखवली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच ठरलं की ही मैदानं नुसती आठवायची नाहीत, खेळायची. नकाशा धरून, होल जिथे होता तिथे जायचं, मध्ये भिंत आली तर भिंतीच्या मालकाची परवानगी काढायची. खरा चेंडू वापरला तर काचांचं काय होईल हे ओळखून तुमच्या भाचेसुनेनं लोकरीचे चेंडू विणून दिले (माझा तपकिरी स्वेटर उसवून, मला विचारलं नाही).

पहिले चार रविवार आम्ही जे खेळलो त्याची खबर तुम्हाला पत्रांतून दिली होती. सहावा होल एका केस कापण्याच्या दुकानात निघाला, तिथली फरशी एका कोपऱ्यात खचली होती, तेव्हा डॉक्टरनं गुडघे टेकून जाहीर केलं की हाच तो चेंडू अडवायचा प्रसिद्ध वाळूचा खड्डा. पोस्टमास्तरांनी शेजारच्या बांधकामाच्या ढिगातून चिमूटभर वाळू बाटलीत भरून तिला चिठ्ठी चिकटवली. तिसऱ्या होलाची विहीर काही केल्या सापडेना. बुजवली असणार, असं ठरलं. त्या विहिरीसाठी आम्ही तिघं भर रस्त्यात टोप्या काढून दोन मिनिटं उभे राहिलो. लोकांना वाटलं कुणी गेलं असावं, त्यामुळे आणखी चौघं येऊन उभे राहिले.

आणि मग तुमचं कार्ड आलं. सव्वीस वर्षांत मैदानाबद्दल तुमच्या तोंडून शब्द निघाला नव्हता, मामी असताना त्यांनी विचारलं तरी तुम्ही ताटावरून उठून जायचा, आणि आता कार्डावर चक्क दोन ओळी. "तिसऱ्याला विहीर उजव्या हाताला. तुम्ही रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहात?"

मामा, मी नकाशा काढला, खिडकीपाशी नेला, आणि खाली बसलो. नक्कल ज्या पारदर्शक कापडावर काढतात ते दोन्हीकडून सारखंच दिसतं, म्हणून कचेरीचा शिक्का खाली उजव्या कोपऱ्यात मारायचा असा नियम असतो. शिक्का उलटा दिसला की समजायचं, कापड पालथं आहे. हा नियम मी नव्या लोकांना चौतीस वर्षं शिकवला. "आधी शिक्का बघा, मग तोंड उघडा," हे माझं वाक्य कचेरीत माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात म्हणायचे. आणि या नकलेचा शिक्क्याचा कोपरा फाईलमध्ये मावेना म्हणून मी स्वतःच्या हातानं कापून टाकला होता. होलांचे आकडे मी नंतर घातले, तेही पालथ्या बाजूवर, सुवाच्य अक्षरात. थोडक्यात, महिनाभर आम्ही रस्त्याच्या पलीकडे, जिथे गोल्फ कधी कुणी बघितलाही नव्हता, तिथे तुमचं मैदान उजव्याचं डावं करून खेळलो. पोस्टमास्तरांनी बाटलीतली वाळू कुंडीत ओतली. तुमच्या भाचेसुनेला मात्र हसू आवरेना, ती अजूनही भाजी चिरता चिरता मध्येच थांबते आणि हसते.

पण खरं सांगू का, मला शरमेपेक्षा आनंद जास्त झाला. ते कार्ड मी शर्टाच्या खिशात घालून हिंडलो. चुकलो नसतो तर तुम्ही लिहिलं नसतंत.

गेल्या रविवारी सुलट्या नकाशानं निघालो. पहिला होल बसगाड्या धुण्याच्या जागी आहे, तिथून आम्ही ओले होऊन बाहेर पडलो. दुसरा एका धोब्याच्या दोऱ्यांखालून जातो. तिसऱ्याला सुताराच्या कारखान्याच्या अंगणात विहीर, उजव्याच हाताला, वर लोखंडी जाळी. पोस्टमास्तरांचा चेंडू बरोबर जाळीच्या भोकातून आत गेला. तुमच्या वेळीही असंच व्हायचं का? चौथा सोडून देतो, चौथ्याला मी कुंपणाला अडकलो होतो, त्यात वाचण्यासारखं काही नाही. पण पाचवा! पाचव्याची हिरवळ शोधत, पावलं मोजत, गल्लीतून वळून आम्ही एका दारात पोचलो तेव्हा डॉक्टर थबकला, कारण दारावर पाटी त्याचीच होती. मामा, हा माणूस धरणाखालच्या नि समुद्राखालच्या मैदानांसाठी उसासे टाकत एकोणीस वर्षं पाचव्या हिरवळीवर दाढा उपटत होता. मी दोनदा पावलं मोजून पाहिली. होल आला तो नेमका त्याच्या खुर्चीखाली. आत एक दाढ सुजलेला माणूस रविवार असूनही आला होता, मदतनिसानं त्याला खुर्चीत बसवून ठेवलेलं, तो आ वासून डॉक्टरची वाट बघत होता. त्याचे पाय वर उचलायला लावून आम्ही पाचवा होल पुरा केला. डॉक्टरचा चेंडू आयुष्यात पहिल्यांदा सरळ गेला. त्यानंतर त्यानं त्या माणसाची दाढ इतक्या हळुवारपणे काढली की तो माणूस पुन्हा येतो म्हणाला.

सहावा, सातवा, आठवा रीतसर झाले. संध्याकाळी चारला आम्ही मुलींच्या शाळेच्या मागल्या फाटकापाशी उभे. रविवार असूनही मुख्याध्यापिका बाई होत्या, बांधकामाचे कागद बघत. बाई कडक आहेत. तीन म्हातारे, हातात एक काठी आणि तपकिरी लोकरीचा चेंडू, हे बघून त्यांनी आधी फाटकाची कडीच लावली. मग मी फाटकाच्या गजांतून नकाशा दाखवला (सुलटा, आधी तपासला) आणि सगळं सांगितलं. बाईंनी नकाशा घेतला, मागच्या अंगणात गेल्या, तिथल्या गवताकडे बघत उभ्या राहिल्या. अंगणभर दांडगं गवत, आणि मध्ये एक गोल तुकडा, तिथे बारीक, दाट, पायाला मऊ लागेल असं.

"इथे मुली डबा खायला बसतात," बाई म्हणाल्या. "सगळं अंगण सोडून इथेच. ही जागा अशी गोल का, हे मी नऊ वर्षं सगळ्यांना विचारतेय. कुणी केलंय हे?"

मी म्हटलं, "माझ्या मामांनी."

पोस्टमास्तर चष्मा पुसू लागले. बाईंनी पाया पुढे ढकलण्याचा प्रयत्न केला, पण मुलींना बसायला वर्ग नाहीत, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही, आणि मी देतही नाही. एक तारखेपर्यंत मात्र जागा आमची, असा त्यांनी शब्द दिला आहे.

आता आमचा पराक्रम. खेळण्याआधी हिरवळ नीट कापली पाहिजे म्हणून आम्ही कापायला घेतली. पोस्टमास्तरांनी कुंपणाची कात्री आणली, डॉक्टरनं कुठूनसं ढकलायचं यंत्र आणलं, मी सूचना दिल्या. कडेचा हातभर पट्टा झाला तोवर बाई बाहेर आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या की आजच्यापुरतं पुरे करा. घाईत भादरलेल्या डोक्यासारखा दिसतो तो पट्टा. तुम्ही बघितलात तर आमच्याशी बोलणं टाकाल.

तेव्हा कळावं. खोकल्यासाठी गरम पाणी प्यावं. ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा भाचा

ता. क. - गवत किती उंचीवर कापायचं, कुठल्या दिशेनं, दव असताना की वाळल्यावर, एवढं कार्डावर कळवावं.

ता. क. दुसरा - कार्डावर हे मावणार नाही असं पोस्टमास्तर म्हणतात, आणि कार्डांतलं त्यांना कळतं. तेव्हा तुम्ही स्वतः येऊन दाखवलंत तर बरं. डॉक्टर गाडी घेऊन येईल. जिना उतरायला तो आणि पोस्टमास्तर दोन्ही बाजूंनी धरतील. दोघांचीही पकड चांगली आहे, एकाची दातांमुळे, दुसऱ्याची शिक्क्यांमुळे.

ता. क. तिसरा (भाचेसुनेचा) - मामा, नमस्कार. हे तीन दिवस पत्र लिहीत आहेत आणि अजून खरं लिहिलेलं नाही, म्हणून कागद मी ओढून घेतला. गवत कसं कापायचं ते धोब्याच्या सासऱ्यानं सांगितलंय, तो बागकाम करायचा. त्यासाठी तुमची गरज नाही. यांनी मला सांगितलं की हे नोकरीला नवे लागले तेव्हा तुमचा डबा घेऊन मैदानावर यायचे. खेळणारे आले की तुम्ही यंत्र घेऊन कुंपणामागे जायचा, पाठ करून उभे राहायचा, आणि चेंडू होलात पडल्याचा आवाज ऐकून सांगायचा की नववा कुणी पुरा केला. माळ्यांना खेळायची परवानगी नव्हती. बावीस वर्षांत तुम्ही एकदाही खेळला नाहीत. मंडळीतले तिघं रविवारी नवव्याला पोचले आणि खेळले नाहीत. चेंडू खिशात घालून घरी आले. डॉक्टरसुद्धा. पहिला फटका तुमच्याशिवाय कुणी मारणार नाही, आणि तुम्ही आला नाहीत तर तो कुणीच न मारता एक तारीख उजाडेल.

ता. क. शेवटचा - कागद परत मिळाला. तिनं लिहिलंय ते खरं आहे. शनिवारी दहाला गाडी येईल. गवत आम्ही कापून ठेवतो. वाईट कापलेलं असेल, तुम्हाला बघवणार नाही, हात शिवशिवतील, तरी यंत्राला हात लावायचा नाही. मामा, तुम्ही खेळायला येताय.