वरची बांधी कुणाची?

३ जून
दिव्यानीने माडीवर स्वतःचा वेगळा राऊटर लावला. खालच्या राऊटरमधूनच वायर वर नेली आहे. वर रेंज येत नाही म्हणे. आजवर घरात राऊटर एकच होता आणि आम्हा मायलेकींत लपवाछपवी नव्हती.
संकल्प : दोघींच्या कॉम्प्युटरमधल्या फायली एकमेकींना उघड्या ठेवायच्या. ही हेरगिरी नव्हे, माया आहे. तिची बारावी झाली. नागपूरच्या कॉलेजचा फॉर्म भरते की काय, हे आईला आधी कळायला नको?

५ जून
पोरगी लगेच हो म्हणाली. मी माझं सगळंच शेअर केलं. मन मोठं असावं. तिनेही केलं म्हणते. पण तिचा कॉम्प्युटर मला दिसतच नाही.
विश्वासघात क्रमांक एक : राऊटर.

६ जून, सकाळी
एमएस-सीआयटीला मला चौऱ्याऐंशी टक्के होते. जमेल.

९ जून
फायरवॉल बंद केली. पासवर्ड बदलले. दोन्ही राऊटर चारदा बंद-चालू केले. आमचे हे म्हणाले, पोरीच्या खोलीत एवढं काय पाहाचं हाय, जिना चढ अन् विचार. माझा गुडघा दुखतो, हे माहीत असून! (काल गच्चीवर वड्या वाळत घातल्या, ते वेगळं.)
क्रमांक दोन : नवरा.

१२ जून
कॉम्प्युटर दुकानाच्या कुलदीपभाऊंना गाठलं. म्हणाले, मनकर्णाताई, हे धानाच्या बांधीसारखं हाय. वरच्या बांधीतलं पाणी बांध ओलांडून खालच्या बांधीत उतरते. खालचं वर चढते काय?
एकदम समजलं. दिव्यानी माडीवर, म्हणजे वरची बांधी तिची. सगळं उतरणार ते माझ्याकडेच! लाइन कुठून येते वगैरे ते पुढे सांगत होते, पण मला घाई होती.

१५ जून
अजून काही उतरलं नाही. धीर धरावा.
नागपूरच्या फॉर्मची मुदत ३० जून. तिने कॅलेंडरवर गोल केला आहे. मी तिला जाऊ नको असं एकदाही म्हटलेलं नाही. उलट म्हटलं, जा बाई, मोठी हो. इथे खरं लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय : हे डेपोतून नऊला येतात. संध्याकाळी दोन ताटं मांडून आम्ही दोघी बसतो. ती गेली की मला एकटीला भात जाणार नाही.

२२ जून
पोरगी फार गोड वागते आहे. न बोलावता जेवायला खाली येते. डोळे लाल. विचारलं तर म्हणे, स्क्रीननं होते. नक्की काहीतरी लपवते.
क्रमांक तीन : पोटची पोर.

१ जुलै, सकाळी ७.१०
हे वहीत लिहिते आहे. रोजनिशीची फाइल उघडली तर पाटी आली : ही फाइल दिव्यानी वापरत आहे, फक्त वाचता येईल.
माझी फाइल. मलाच. फक्त वाचता.

त्याच दिवशी, ८.००
जिना चढले. ती म्हणाली, मम्मी, लाइन तं आधी खाली येते ना, मंग वरची बांधी तुझी. पह्यल्या दिवसापासून तुझं सारं मले दिसते. मले वाटलं, तुले माहीत हाय. तोंडानं म्हणता येत नाई म्हणून तू लिहून राह्यली.
मी ओरडणारच होते. तेवढ्यात म्हणाली, नागपूरचा फॉर्म नाई भरला. इथल्या, आरमोरीच्या कॉलेजचा भरला.
काऊन, म्हटलं.
म्हणे, तू जाऊ नको म्हटलं असतं, तं भांडून गेली असती. भाताचं वाचून कशी जाऊ?

११.३०
नागपूरच्या कॉलेजला फोन लावला. मुदत काल संपली. एक दिवसही मिळणार नाही. दोनदा विचारलं.
पुन्हा वर गेले. तिला म्हटलं, तू जायला पाहिजे होतं गं. मनापासून म्हटलं.
ती म्हणाली, मंग हे काल लिहाचं होतं ना, मम्मी.