दोन बाण

४ मार्च
'कॅट' लिहिलं की फाईल वाचून दाखवतं! मांजराचा आणि वाचनाचा काय संबंध? लेकीला फोनवर विचारलं. "मांजर नाही गं आई, लांबलचक शब्दातली तीन अक्षरं तेवढी ठेवलीत. टायपायचे कष्ट वाचावेत म्हणून." वा! हा संगणक बनवणारी माणसं माझ्यासारखीच चिंगूस दिसतात.

तिचा जुना संगणक, आत फुकटची प्रणाली. चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर लिहून हुकूम द्यायचे. हे म्हणाले, "मॅट्रिक झालीस, आता इंजिनियर हो!" म्हणोत बापडे.

सासूबाईंची पदं उतरवायची आहेत. त्यांनी स्वतः रचलेली, काम करता करता गुणगुणलेली. कुठेच लिहिलेली नाहीत. वहीत एकच प्रत राहील, इथून लेकीला, नणंदांना सगळ्यांना पाठवता येतील. डॉक्टर परवा दाराशी हळूच म्हणाले, "काय विचारायचं ते आताच विचारून घ्या."

६ मार्च
लिहायला म्हणून 'संपादक' नावाचं एक साधन आहे संगणकात. आत गेले ती गेलेच! काही केल्या बाहेर येता येईना. शेवटी वायर उपटली. लेक हसून हसून बेजार. "मोठमोठे अडकतात त्यात!"

मग तिने सोपं सांगितलं. 'एको' लिहायचं, पुढे ओळ, मग दोन बाण, >> असे, मग फाईलचं नाव. ओळ खाली जोडली जाते. "पण दोनच बाण हं आई! एक दिलास तर आधीचं सगळं पुसून तेवढीच ओळ राहील. आणि ते विचारणार नाही." कागदावर नमुना लिहून भिंतीला चिकटवला. दोन बाण लाल पेनाने ठळक करायचे राहिले.

९ मार्च
एक गोष्ट मनात भरली. हुकूम दिला आणि काम नीट झालं, तर हे यंत्र अवाक्षर काढत नाही. चुकलं तरच बोलतं. मी घाबरून तीनदा विचारलं, झालं का? लेक म्हणाली, "गप्प आहे म्हणजे झालं." केलेल्या कामाचा डंका नाही. देवपूजा अशी करता आली पाहिजे.

आज अकरा ओळी. सासूबाई थकल्या, पण चाल चुकली की डोळे वटारतात.

१३ मार्च
लांब फाईल पानापानाने दाखवणारा 'मोअर' नावाचा हुकूम होता, मग त्याहून सरस काढला, त्याचं नाव ठेवलं 'लेस'! कमी ते जास्त. दिवसभर एकटीच हसत होते.

ह्यांना म्हटलं, तुम्ही लहानपणापासून ऐकलीत, एखादं पद सांगा की. "मला काही आठवत नाही." पेपर तोंडासमोर धरला.

१९ मार्च
एकशे सेहेचाळीस ओळी. आज शेवटचं पद सुरू केलं.
'उंबऱ्याशी बसले, दार नाही लावलं —'
इथे खोकला आला. म्हणाल्या, "उद्या."

२० मार्च
सकाळी उठल्या तर उजवी बाजू लुळी. वाचा गेली.

२८ मार्च
घरी आणलं. माणसं ओळखतात, शब्द मात्र फुटत नाही. लेक म्हणते, आहे तेवढं पाठव. नाही पाठवलं. नैवेद्य अर्धा कसा वाटायचा?

२ एप्रिल
देवा! दुपारी औषधं आणायला गेले होते. आल्यावर कॅट केलं, तर सगळ्या ओळी गेलेल्या! एकच उरलीय, आणि ती मी लिहिलेलीच नाही.
'अंधारात आलास तरी पाऊल ओळखलं.'
ह्यांना विचारलं. "फुकटच्या वस्तूचं असंच," म्हणाले, आणि चपला घालून बाहेर. पुढे लिहवत नाही.

३ एप्रिल
लेक म्हणाली, "आई, रडू नको. 'हिस्ट्री' लिही." लिहिलं. आणि झरझर सगळं वर आलं! दिलेला प्रत्येक हुकूम त्याने क्रमाने जपून ठेवलेला. मला संपादक जमला असता तर एकही ओळ सापडली नसती म्हणे. माझ्या अडाणीपणाचं देवाने सोनं केलं! ज्याने कुणी ही सोय केली त्याच्या घरी सुख नांदो.

खाली, माझ्या कालच्या 'कॅट'च्या अगदी वर, एक हुकूम, माझा नसलेला. एको, ती ओळ, आणि एकच बाण. घरात तेव्हा सासूबाई होत्या आणि हे.

दिवसभर बसून सगळ्या ओळी परत घातल्या. शेवटी ह्यांची. लेकीला मात्र अजून पाठवल्या नाहीत. भिंतीवरच्या कागदावर दोन बाण लाल पेनाने गिरवले, ठसठशीत.

५ एप्रिल
सासूबाईंना वाचून दाखवायला संगणक उघडला. खाली एक नवी ओळ.
'हाक नाही मारली, तरी ऐकू आलं.'
रचलेली सासूबाईंनी की ह्यांनी, देव जाणे. हिस्ट्री पाहिली. दोन बाण!
हे पलीकडे पेपर वाचत होते. गप्प.