गेम मुलांसाठीच आणला आहे

४ मे, रविवार. रात्री.
गेम आणला. निन्टेंडोचा स्विच. पनवेलहून, सेकंडहँड, पण ओरखडा नाही. समोरच्या नूतनताईंच्या मुलांसाठी. मितेश दहा वर्षांचा, हेमाली आठ. सुट्टीभर दोघं उन्हात हिंडतात नाहीतर मोबाइलवर काहीबाही बघतात. शेजारी म्हणून माझं काही कर्तव्य आहे.
नूतनताईंची धाकटी बहीण कल्पिता नोकरीसाठी त्यांच्याकडे राहते, अलिबागला लॅबमध्ये आहे. तिचा याच्याशी संबंध नाही. फक्त नोंद म्हणून: मुलं आमच्याकडे खेळत बसली की जेवणाच्या वेळी त्यांना न्यायला कोणीतरी येणारच. नूतनताईंचे गुडघे दुखतात.
आईला सांगितलं, स्विच आणलाय. म्हणाली, बरा झाला, मोरीतला कधीचा बंद हाय.

५ मे.
नियम टाइप केले, तीनदा प्रूफ वाचलं, लॅमिनेशन करून टीव्हीशेजारी चिकटवले. फ्लेक्सच्या दुकानात काम करण्याचा हा फायदा. बारावी राहिली, पण अख्ख्या रेवदंड्यात 'हार्दिक' बरोबर लिहिणारा मी एकटा असेन.
हात धुऊनच खेळायचं. रोज पाऊण तास, मग मशीन आपोआप थांबतं. वेळ वाढवायला पिन लागतो. पिन कोणाला सुचणं शक्य नाही.
हा गेम फक्त टीव्हीवर चालतो, असं मुलांना सांगितलं. वास्तविक टीव्हीला जोडलेल्या डॉकमधून मशीन उचललं की हातात धरून कुठेही खेळता येतं. त्यालाही पडदा आहे. पण लहान पडद्याने डोळे बिघडतात. शिवाय ते कुठेही खेळता आलं, तर मुलं आमच्याकडे कशाला येतील? मुख्य मुद्दा डोळ्यांचा.

७ मे.
गाड्यांच्या शर्यतीत प्रत्येक वेळी हरलो. मुद्दाम. त्याने मुलांचा आत्मविश्वास वाढतो. माझी गाडी सारखी पाण्यात जाते, तेही मुद्दाम. मितेश म्हणाला, काका, तुम्ही गाडी चालवताय का होडी?
मुलं मला काका म्हणतात. मावशीच्या नवऱ्याला काकाच म्हणतात. लहान मुलांना काही गोष्टी आतून कळतात.
साडेआठला कल्पिता न्यायला आली. दारातूनच म्हणाली, मेल्यांनो, पोटात काही घालायचं आहे की नाही? मी म्हणालो, भूक नाही विशेष. ती म्हणाली, तुम्हाला नाही, यांना म्हणतेय.
'तुम्हाला' म्हणाली. मान ठेवते.

११ मे.
पिन फुटला. हेमालीने सहज म्हणून मावशीचा वाढदिवस टाकून बघितला आणि उघडलं. मी सांगितलं, ती आमच्या दुकानाच्या उद्घाटनाची तारीख आहे. मितेश म्हणाला, दुकान दिवाळीत उघडलं, नारळ माझ्या पप्पांनी फोडला. मुलगा हुशार आहे.
दोघांनी कोणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली. त्यानंतर पाऊण तासाचे दोन तास झाले. पण नुकसान नाही. आता मुलं माझ्या बाजूची आहेत. त्या घरात रोज माझं नाव निघत असणार.

१५ मे.
आईने घात केला.
साडेसातला तिची मालिका लागते. आज मुलं हटेनात. तिने एका हाताने मशीन डॉकमधून उचललं, मितेशच्या हातात दिलं आणि म्हणाली, जा, वटीवर बसून खेला. पडदा पेटलेला. दोन्ही मुलं मशीनकडे बघेनात, माझ्याकडे बघायला लागली.
हेमाली म्हणाली, काका, हा तर चालतो.
मी म्हणालो, असं केल्याने वॉरंटी जाते. आई म्हणाली, जुन्याला कसली वारंटी? मी रोज केर काढताना उचलते, काय झाला त्याला?

१९ मे.
मशीन आता मुलांबरोबर फिरतं. पण चार्जर मी दिलेला नाही. म्हणजे रात्री ते माझ्याकडेच येणार. मास्टरस्ट्रोक.
ते आणून द्यायला कल्पिता येईल असा अंदाज होता. मितेश येतो.
आज मुलं कल्पिताबरोबर अलिबागला गेली होती, कुलदीपच्या रिक्षातून. कुलदीप हा अलिबाग लाइनचा रिक्षावाला. कल्पिताला तोच नेतो, आणतो. शिकलेला नाही. केसांना मात्र बरंच काय काय लावतो.
मशीन तपासलं. खेळाडूंच्या यादीत नवीन नाव: 'केडी किंग'. सगळे रेकॉर्ड त्याचे. मितेश म्हणाला, तो कॉम्प्युटरचाच प्लेअर हाय. पटलं. माणसाला एवढं जमणार नाही. कुलदीपच्या रिक्षामागे 'केडी किंग' हे रेडियम मार्चमध्ये मीच कापून दिलं होतं. अशी नावं हल्ली कॉमन झाली आहेत.

२४ मे.
महत्त्वाचं. मशीनच्या दोन कंट्रोलरपैकी लाल कंट्रोलरला मोगऱ्याचा वास आला. मोगऱ्याचा गजरा कल्पिता माळते. म्हणजे तीसुद्धा खेळते. माझ्या मशीनवर. लाल पुसला नाही.
निळ्याला ग्रीस लागलं होतं. मितेशला हात धुण्याचा नियम पुन्हा वाचून दाखवला. तो हसत होता. वयच तसं आहे.

३१ मे.
निर्णय झाला. ८ जूनला रविवार आहे, कल्पिताला सुट्टी. बोलायचं. मजकूर तयार आहे, एक पान, दीड स्पेसिंग. शर्ट शिवायला टाकला. मितेशला विचारलं, आठ तारखेला मावशी घरी आहे ना? म्हणाला, हाय ना, कुठे जाईल. मग त्याने हेमालीकडे बघितलं आणि दोघंही ओटीवरून पळाली. लाजली असावीत.

२ जून.
दुकानात साखरपुड्याच्या बोर्डाचा मजकूर व्हॉट्सअॅपवर आला. 'हार्दीक' होतं, 'हार्दिक' केलं. 'शुभेच्छूक'चं 'शुभेच्छुक' केलं. नवऱ्यामुलाच्या नावातला 'कू' ऱ्हस्व केला. सोनेरी बॉर्डर दिली, त्याचा चेहरा थोडा उजळ केला, मागे गुलाब टाकले. सेव्ह केलं.
मग वाचलं.
आठ तारखेलाच आहे.

३ जून.
मुलांना समोर बसवलं. आवाज चढवला नाही. मितेश म्हणाला, काका, आम्हाला वाटला तुम्हाला माहीत हाय. चौलच्या नाक्यावर रिक्षा लावून रोज तुमच्याच मशीनवर तर खेलतात दोघं, मावशी लाल नि कुलदीपदादा निळा. हेमाली म्हणाली, मावशी आईला सांगायची, पोरांना गेम खेळायला नेते. म्हणून आई सोडायची.
म्हणजे तिला घराबाहेर पडायला कारण मी पुरवलं. पनवेलहून आणून.
मी विचारलं, तुमच्या घरात माझं नाव कधी निघायचं का? हेमालीने प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाली, हो, चार्जिंग संपली की.

८ जून. रात्री.
गेलो. बोर्ड सरळ लागला आहे की नाही, एवढंच बघायला. सरळ होता. शर्ट घालून गेलो, शिवलाच होता तर.
कल्पिता स्वतः माझ्याकडे आली. आजवर इतकी जवळ आली नव्हती. म्हणाली, आम्हाला भाऊ नाही, दोघी बहिणीच. लग्नात कानपिळीला नवऱ्याचा कान पिळायला भाऊ लागतो. तुम्ही उभे राहाल का? पोरांनीच नाव सुचवलं.
पोरं मागे उभी होती. हेमाली म्हणाली, हो म्हणा ना, मामा.
मामा. एका महिन्यात.
मितेश कानाशी येऊन म्हणाला, मामा, कान पिळल्यावर तुम्ही मागाल ते नवरा देतो. नवीन गेम मागा.
नूतनताईंच्या डोळ्यांत पाणी. सगळे माझ्याकडे बघताहेत. मी हो म्हणालो. कुलदीप हात जोडून म्हणाला, हळू पिळा हां, मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.
आई घरी येताना म्हणाली, चल, तुला निदान बहीण तरी भेटली.

१० जून.
लग्न तुळशीचं लग्न झाल्यावर. वेळ भरपूर आहे.
मुलांनी पिन बदलला, मला सांगत नाहीत. चार्जर घेऊन गेली. डॉकवर आईने उदबत्तीचं घर ठेवलंय.
निळा कंट्रोलर मात्र परत दिलेला नाही. रोज रात्री चिमटीत धरून दाबतो. महिनाभर खेळून अंगठ्यात बराच जोर आला आहे. हळू पिळायला सांगितलं आहे. बघू.