वनमानुषाची तिसरी सही

तीर्थस्वरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. (दादा तुम्ही माझ्या बायकोचे, पण सध्या मलाच कुणीतरी दादा हवा आहे, म्हणून हक्काने उसने घेतो आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? आणि तुमची बहीण? तिची खुशाली मी तुम्हाला विचारावी, यातच माझी दशा आली. अकरा दिवस झाले तिला तुमच्याकडे येऊन. काय झालं ते तिने सांगितलंच असेल. आता जरा आरोपीचंही ऐका.

आमच्या कोशकचेरीत आठ महिन्यांपूर्वी 'वनमानुष' हा शब्द माझ्या टेबलावर आला. आमच्या मोठ्या साहेबांचा नियम असा, की अर्थ लिहून झाला की शब्द झाकायचा आणि तो अर्थ तीन माणसांना वाचून दाखवायचा. एक कचेरीतला, एक बाहेरचा, एक घरचा. तिघांनीही तोच शब्द ओळखला पाहिजे आणि चिठ्ठीवर सही केली पाहिजे. (घरच्याची सही घरच्यानेच करायची. मागे एकाने बायकोची सही स्वतःच ठोकली, तो अजून गोदामात पुठ्ठे रचतो आहे.) तर मी लिहिलं, 'अंगभर केस, लांब हात, दोन पायांवर चालू शकणारा, माणसासारखा प्राणी.' शिपाई म्हणाला, ग्रंथपाल. न्हाव्याने एवढंच विचारलं, की त्याला घेऊन कधी येताय, वेगळे पैसे पडतील. मी कपाळाला हात लावला. माणसात आणि त्याच्यात नेमका फरक काय, हे शोधण्यात आठ महिने गेले. जेवताना तेच, अंघोळ करताना तेच. तुमची बहीण काही विचारायची ते ऐकू यायचं, पण उत्तर द्यायला डोकं मोकळं नसायचं. शेवटी एकदाचा फरक सापडला. 'याला बोलता येत नाही.' शिपाई पास, न्हावी पास! माकड म्हणतं माझीच लाल, तसा मी उड्या मारत घरी आलो.

ती शेंगा सोलत होती. मी वाचून दाखवलं. मान वर न करता ती म्हणाली, "तुम्ही."

मी हसलो, दादा. तिथेच चुकलो. वर तिला खूश करावं म्हणून शब्दाचा उगम सांगत बसलो. वन अधिक मानुष, म्हणजे रानातला माणूस. आणि ज्या दूरच्या बेटांवर हे प्राणी राहतात, तिथल्या भाषेतही त्यांचं नाव हेच, रानातला माणूस. तिथले लोक म्हणायचे म्हणे, की याला बोलता उत्तम येतं, पण बोललो तर माणसं कामाला जुंपतील म्हणून लबाड मूग गिळून बसतो. शेंगा सोलणारा हात थांबला. "आठ महिन्यांत पहिल्यांदा पाच मिनिटं सलग बोललात," ती म्हणाली, "तेही माकडावर!" मी म्हणालो, माकड नव्हे, माकडाला शेपटी असते. दादा, शेपटीचा विषय मी तेव्हा काढायला नको होता. पुढच्या गाडीने ती तुमच्याकडे आली.

आता घर खायला उठतं. मी बोलतो हो, खूप बोलतो. काल कुकरशी वाद घातला, तेव्हा शेजारच्या काकूंनी भिंतीवर टकटक केली. संध्याकाळी कुलूप काढून आत येतो आणि सवयीने थांबतो, की आता कुणीतरी विचारेल, "काय झालं आज?" आठ महिने ती रोज विचारत होती. माझ्यासारखा करंटा मीच. तुमच्याकडे यावं म्हटलं, तर तिने दारातूनच परत पाठवलं तर काय, या धास्तीने पाय उचलत नाही. बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार.

आपला,
आठ महिने मुका असलेला मेहुणा

ता.क. सोबत ती चिठ्ठी जोडली आहे. घरच्याची सही तेवढी राहिली आहे आणि शनिवारी आमचं 'व' अक्षर छापायला जातं. चुकलं तर मीही पुठ्ठे रचायला. एवढं करा, शब्दावर अंगठा ठेवून तो अर्थ तिला वाचून दाखवा. ती 'वनमानुष' म्हणाली, तर सही घेऊन चिठ्ठी टपालात टाका.

पुन्हा ता.क. ती 'माझा नवरा' म्हणाली, तर चिठ्ठी फाडा. कोश गेला खड्ड्यात. तिला फक्त गाडीत बसवून द्या. स्टेशनवर मी उभा असेन. बॅग मी उचलीन, आणि घरी पोचेपर्यंत बोलत राहीन. शेपटीबद्दल नाही.